सप्लाय हातात घेऊन बघावा

आमच्या फ्लेक्सच्या दुकानामागं जुन्या बॅनरचा ढीग साठतो. काम झालं की लोक उतरवून आणून टाकतात, मग कुणी गोठ्यावर टाकायला नेतं, कुणी कांद्याच्या चाळीवर. एकदा रस्त्यानं जाताना पाहिलं, एका चाळीवर मालकाची मेलेली आई आभाळाकडं तोंड करून हसत होती. तिच्या दशक्रियेचाच बॅनर. मी त्याला म्हटलं, अरे निदान पालथा तरी घालायचा. तो म्हणाला, "असू दे आक्का. जित्ती व्हती तवाबी कांदा तीच राखायची."

किस्सेही असेच साठतात. काम झाल्यावर कुणी न्यायला येत नाही, माझ्याकडंच पडून राहतात. दुकान जुन्नरच्या बाजारपेठेत आहे, सून मनीषा चालवते आणि मी दाराशी खुर्ची टाकून बसते. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही. हे सांगतेय मी, लिहून घेतेय नात. नावं बदलली आहेत. तरी ज्याला ओळखायचं तो ओळखेल आणि माझ्याकडं येईल. येऊ दे.

या सगळ्या किश्श्यांत एक लोखंडी डबा आहे. कॉम्प्युटरच्या पोटात, मागच्या बाजूला असतो, पंखा असलेला. पॉवर सप्लाय म्हणतात त्याला. दुकानात नुसतं सप्लाय.

* * *

तो डबा मला विलासनं दाखवला. विलास पेठचा. पाठीला बॅग लावून मोटरसायकलवर आंबेगाव-जुन्नरचे कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचा. वय चाळिशीच्या आत, पण डोक्यावरचे केस आधीच निघून गेलेले. म्हणायचा, "आक्का, लोकांच्या पेट्यांतली धूळ खाऊन झालंय हे."

मी त्याला विचारलं, हा डबा करतो तरी काय? तो म्हणाला, खांबावरून येते ती लाइट म्हणजे धरणातून सुटलेलं पाणी, आणि हा डबा म्हणजे पाटकरी. पिवळ्या वायरीला किती सोडायचं, तांबडीला किती, नारिंगीला किती, ते हा ठरवतो. काळीतून सगळं माघारी जातं. पाटकरी चुकला की पीक गेलं.

हे मला एका दमात कळलं. आमच्या शेताला पाटाचंच पाणी आहे.

मग त्यानं बॅगेतून दोन सप्लाय काढून माझ्या दोन हातांवर ठेवले. मी वीस वर्षं बाजारात बसून मेथी-कोथिंबीर विकली आहे. माझा हात हाच काटा. मी डाव्या हातातला खाली ठेवला आणि म्हटलं, "ह्यो रिकामा हाय."

"बरोबर. आता सांगा, लेबलवर काय लिवलंय?"

"मला कुठं वाचता येतं?"

"दोन्हीवर सारखंच लिवलंय. चारशे पन्नास वॉट."

मी म्हटलं, असं खोटं कसं छापतात? विलास हसायला लागला. समोर मनीषा एका पोराच्या वाढदिवसाच्या बॅनरवर 'तरुणांचे हृदयसम्राट' टाकत होती. त्या पोराला घरचं कुत्रंही ओळख दाखवत नव्हतं. विलास म्हणाला, "आक्का, छापायचं तर कायबी छापता येतं. हे तुमाला मी सांगायचं व्हय?"

* * *

तेव्हापासून विलास कुठलाही सप्लाय आणला की आधी माझ्या हातात द्यायचा. दुकानात बसलेली माणसं गंमत बघायची. मीही जरा फुगले होते, खोटं कशाला बोलू?

एकदा त्यानं एक डबा दिला. चांगला जड. मी म्हटलं, हा पास. विलासनं माझ्यासमोर चार स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत तांब्याची दोन किडकिडीत वेटोळी आणि एका बाजूला सिमेंटची चकती चिकटवलेली. वजनापुरती.

माझ्यासारखं हातानं तोलून घेणारं माणूस जगात कुठंतरी आणखी असणार, आणि त्याला फसवायला कुणीतरी बसून सिमेंट कालवलं होतं.

विलास म्हणाला, मनाला लावून घेऊ नका. नुसत्या वजनावर जायचं नाही. बॅटरी लावून जाळीतून आत बघायचं. वेटोळी जाड पाहिजेत, उभ्या डब्या फुगलेल्या नकोत, आणि हलवल्यावर आत काही वाजायला नको. तिन्ही जमलं तरच हो म्हणायचं.

"आणि जमलं नाय तर?"

"तर कोनी कितीबी घाई करू दे, नाय म्हनायचं."

* * *

वारूळवाडीचे एक निवृत्त मास्तर होते. विलासचं गिऱ्हाईक, आमच्याकडंही येऊन बसायचे. त्यांच्या डब्याच्या पाठीवर एक तांबडं बटण होतं. जुन्या सप्लायला असतं तसलं. एका बाजूला केलं तर आपल्याकडच्या लाइटवर चालतो, दुसऱ्या बाजूला केलं तर परदेशातल्या निम्म्या लाइटवर. आपल्याकडं ते परदेशाच्या बाजूला सरकलं की पाटाचं अख्खं पाणी एका वाफ्यात.

तर दिवाळीच्या साफसफाईत मास्तरांच्या बायकोनं कॉम्प्युटर मागून पुढून पुसून काढला. काडीला फडकं गुंडाळून, फटीफटीतून. मास्तरांनी येऊन चालू केला आणि फटाका वाजला. दोघांनाही आधी वाटलं, बाहेर पोरं उडवताहेत.

विलासनं दुसरा सप्लाय बसवून दिला, बाकी काही जळलं नव्हतं. पण मास्तर बायकोला असं काही बोलले की त्या बाईनं पुन्हा त्यांच्या वस्तूला हात लावला नाही. टेबलाला नाही, चष्म्याला नाही.

चार वर्षांनी मास्तर आमच्याकडं आले ते तिचा फोटो घेऊन. मनीषानं बॅनर केला, मास्तरांनी मजकूर तपासला, एक अनुस्वार दुरुस्त केला. जाताना माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "आक्का, कॉम्प्युटरवर बोटभर धूळ आहे. मला पुसवत नाही."

* * *

आता तात्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापासून आहे.

तात्या ऐंशीच्या घरातले. एक दिवस धुवट धोतर-टोपी घालून आले आणि म्हणाले, माझा श्रद्धांजलीचा फोटो काढून ठेवा. त्यांच्या भावाच्या बॅनरवर पोरांनी कुणाच्यातरी लग्नातला फोटो कापून लावला होता. भावाच्या खांद्यावर कुणाचातरी कापलेला हात तसाच राहिला होता. तात्या म्हणाले, चौकात दहा दिवस तो हात बघितला मी. माझं तसं नको.

आमच्यात जलदान विधी असतो, तात्यांच्यात दशक्रिया. फ्लेक्स दोघांनाही लागतो. मनीषाला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही आता. तिनं पांढरा पडदा लावला. विलास तिथंच कॉम्प्युटर उघडून बसला होता. त्याला म्हणाली, भाऊ, जरा पडद्यापुढं उभे राहा, मला उजेड बघू द्या. विलासला फोटोचा लई कंटाळा. गावातल्या कुठल्याही फोटोत बघा, विलासचा अर्धा कान नाहीतर पाठ. पण त्या दिवशी कॉलर सारखी करत उभा राहिला, आणि कॉलरला हात असतानाच मनीषानं फोटो काढला.

मग तात्यांचा काढला. तात्यांनी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर बघितले आणि म्हणाले, "याचापन राहू द्या. उजेड चांगला पडलाय."

सगळे हसलो. विलास सगळ्यांत जास्त.

त्याच दिवशी विलासनं आमच्या कॉम्प्युटरला कुलूप घातलं. एका दुकानदारानं आमची डिझाइनं पळवली होती, म्हणून मनीषाच त्याच्या मागं लागली होती. त्यानं सांगितलं, आता ही डिस्क याच पेटीत उघडणार. दुसऱ्या पेटीत लावली तर किल्ली मागेल, लांबलचक आकडे. ते माझ्या फोनमध्ये ठेवतो. या पेटीचा बोर्ड जळला तरी तीच किल्ली लागेल, काळजी करू नका, मी आहे की.

* * *

मागच्या वर्षी एका दुपारी आमचा सप्लाय गेला. आधी करपल्याचा वास आला, मला वाटलं शेजारच्या हॉटेलात भजी लागली. मग फट झालं आणि मनीषाचा पडदा काळा. संध्याकाळच्या कार्यक्रमाचा बॅनर अर्धा राहिलेला, आणि तो पोरगा दहा जणांना घेऊन दारात उभा. तोच तो, हृदयसम्राट.

मनीषानं विलासला फोन लावला. तो पेठला घरी जेवत होता. म्हणाला, बाजारातला सप्लाय आणून लावू नका. तुमची पेटी कंपनीची आहे, पुण्याच्या एका ऑफिसातून जुनी आणलेली. तिच्या सप्लायचं तोंड बाकीच्यांसारखंच दिसतं, जोर लावला तर बसतंही, पण वायरींची रांग वेगळी. उलटं पाणी सुटलं तर बोर्ड जळेल. त्या पेटीला बसणारा एक माझ्याकडं आहे, घेऊन निघतो.

तो पोरगा घाई करत होता. अर्ध्या तासानं मनीषानं परत फोन केला. विलासनं उचलला. आवाजात वारा होता. मनीषानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मीही ऐकलं. तो म्हणाला, "आलो, आलो, मंचरच्या जवळ हाये." मी लांबूनच ओरडले, "तुझ्या त्या मंचरला लागली आग. लवकर ये."

त्यानंतर फोन लागेचना. मनीषानं आणखी दहा वेळा केला. प्रत्येक वेळेला मी त्याच्या नावानं काहीतरी बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवतं. माझं हेच वाईट आहे, आठवतं.

संध्याकाळी पेठच्या एका माणसानं येऊन सांगितलं. हायवेवर, मंचरच्या अलीकडं, कंटेनरखाली.

* * *

तिसऱ्या दिवशी विलासचा धाकटा भाऊ आला. बॅनर पाहिजे होता आणि फोटो नव्हता. विलासच्या फोनचा रस्त्यावर चुरा झालेला. घरात लग्नाचा अल्बम, त्यात मुंडावळ्या बांधलेला. मुंडावळ्या बांधलेला माणूस श्रद्धांजलीवर कसा लावायचा? आधारकार्डावरचा होता, पण तो बघून त्याची बायको रोहिणी म्हणाली म्हणे, हे कोण?

कॉलरला हात असलेला फोटो आमच्या कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर बंद. मनीषानं डिस्क काढून एका ओळखीच्याच्या पेटीला लावली, तर ती किल्ली मागायला लागली. किल्ली विलासच्या फोनमध्ये. म्हणजे आता एकच वाट होती, आमची पेटी तिच्याच बोर्डावर जिवंत करायची. बोर्ड जळला तर विलास गेला. दुसऱ्यांदा.

मनीषानं नारायणगावहून एक मेकॅनिक बोलावला. पोरगा बरा होता, बोलायला गोड. चकचकीत नवा सप्लाय आणला, पंख्याला रंगीत दिवे. म्हणाला, हा आमच्या मोठ्यात मोठ्या पेटीला चालतो, याला का नाही चालणार?

मी म्हटलं, आधी माझ्या हातात दे. वजन चांगलं होतं. बॅटरी लावून बघितलं, वेटोळी जाड, डब्या सपाट. हलवला, काही वाजलं नाही. तिन्ही जमलं.

मग मी आमचा जळका सप्लाय मांडीवर घेतला आणि दोघांची तोंडं शेजारी शेजारी धरली. गोधडीला ठिगळं लावताना रंग कसे लावून बघतो, तसं एका टोकापासून निघाले. आमच्या डब्याला टोकाला जांभळी वायर. याच्या टोकाला नारिंगी, जांभळी चार घरं आत.

मी सॉकेटवर हात ठेवला. "नाय लावायचा."

तो म्हणाला, रंगाला काही अर्थ नसतो मावशी, तोंड बसलं म्हणजे झालं. मनीषाही घाईला आली होती, दशक्रियेला पाच दिवस राहिलेले. ती म्हणाली, आई, लावू द्या की. मी हात काढला नाही.

पोरगा चिडला. "मावशी, तुम्हाला वाचता येतं का?"

"नाय येत. म्हनून तर बघते."

तो डबा घेऊन गेला. मनीषा माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याला विचारलं, नाशिकला विचारलं. असला डबा मागवावा लागेल, पंधरा दिवस लागतील, असं सगळीकडून उत्तर. मी दाराशी बसून होते. चौकातला बांबूचा सांगाडा रिकामाच उभा होता. विलासच्या मित्रांनी जागा धरून ठेवली होती.

* * *

आठव्या दिवशी सकाळी रोहिणी आली. सुतकातली बाई अशी दुकानात येत नाही. दिरानं मोटरसायकलवर आणलं होतं, पण तो रस्त्यावरच उभा राहिला. आत येईना.

तिच्या हातात विलासची बॅग होती. पोलिसांनी पंचनामा करून परत दिलेली. पट्टा तुटलेला. तिनं ती टेबलावर ठेवली आणि उघडली. आत टॉवेलात गुंडाळलेला सप्लाय.

"टॉवेल मीच दिला व्हता," ती म्हणाली. "म्हनले, आदळू नये म्हनून."

एक कोपरा आत दबला होता. बाकी डबा साबूत.

दीर बाहेरून म्हणाला, वहिनी, ज्याच्यापायी माणूस गेलं ते कशाला कुणाला द्यायचं, नदीत टाकून देऊ. रोहिणीनं तिकडं बघितलं नाही. डबा उचलून माझ्या हातात दिला. "ते घरी सांगायचे तुमचं. आधी आक्काच्या हातात देतो म्हनायचे. घ्या."

मी घेतला. जड होता. जाळीतून बघितलं. हलवला, एकदा, दोनदा. आत काही वाजलं नाही. मग तोंडं जुळवली. टोकाला जांभळी. पुढची प्रत्येक वायर आपल्या जागी.

पेटीला लावायच्या आधी डबा एकटा चालतो का ते बघायची विलासची एक रीत होती. तारेचा तुकडा वाकवायचा, त्याचं एक टोक हिरव्या वायरीच्या घरात, दुसरं काळीच्या, आणि बटण दाबायचं. पंखा फिरला की डबा जिवंत. मनीषानं तार वाकवली, पण घालेना. दबलेल्या डब्याचं काय सांगावं? मीही पुढं झाले नाही.

रोहिणी म्हणाली, "कुठं घालायची दाखवा."

मी बोटानं दाखवलं. हिरवी, आणि तिच्या शेजारची काळी. तिनं तार घातली, हात काढून घेतला. मनीषानं बटण दाबलं. पंखा जरा अडखळला आणि फिरायला लागला.

दबलेल्या कोपऱ्यामुळं डबा पेटीत जाईना. मग बाहेरच ठेवला, टेबलावर, खाली त्याच टॉवेलाची घडी. वायरी तेवढ्या आत सोडल्या. पडदा उजळला. मनीषानं शोधून फोटो काढला. विलास, कॉलरला हात, हसू आवरत. दीर कधी आत येऊन मागं उभा राहिला ते कळलं नाही.

मनीषानं मजकूर विचारला. रोहिणी म्हणाली, नाव आणि गाव टाका. बाकी काही नको, त्यांना हसू यायचं असलं काही वाचून.

मशीन चालू झालं. फ्लेक्स हळूहळू बाहेर येतो, आधी टक्कल, मग कपाळ. रोहिणी तिकडं बघत नव्हती. ती सप्लायपाशी बसली होती, पंख्याच्या मागं तळहात धरून.

मग तिनं मान न उचलता विचारलं, "तुमी त्या दिवशी किती फोन केले व्हते?"

मनीषा माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "निघाल्यावर अकरा."

"त्यातला एकतरी उचलला त्यांनी?"

मशीन चालू होतं. डोळ्यांपर्यंत आलं होतं.

"नाय," मी म्हटलं. "पयलापन नाय उचलला."

तिनं मान हलवली. बऱ्याच वेळानं बॅनर पुरा झाला, मनीषानं कापून गुंडाळी केली, दिरानं खांद्यावर घेतली. मनीषानं कॉम्प्युटर बंद करायला हात पुढं केला.

"असू दे जरा," रोहिणी म्हणाली. "गरम लागतंय हाताला."